घर दाखवलंत, आता सेट दाखवा

गोवंडीच्या गल्लीत चॅनेलची गाडी शिरली की ओळखावं, कुणाच्या तरी पोराचं सिलेक्शन झालंय.

कॅमेरा आधी गटार टिपतो. मग वरच्या खोलीकडे जाणारी लोखंडी शिडी. मग दहा बाय दहाची खोली, मोरी, फळीवर रचलेले डबे आणि गॅससमोर बसलेली आई. घर कसं चालतं, असं तिला विचारतात. ती सांगते. पुन्हा विचारतात. ती पुन्हा सांगते. डोळ्यांत पाणी आलं की विचारणं थांबतं.

या फितीला धंद्यात ‘एव्ही’ म्हणतात. दोन-तीन मिनिटांची असते. मागे व्हायोलिन लावलं जातं, परीक्षक डोळे पुसतात आणि मग पोरगा नाचतो.

पोराचं घर देशाने पाहिलं. आता शूटिंगच्या दिवसांत त्याला कुठे झोपवलंय, तेही दाखवा.

तिथे कॅमेरा जात नाही.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. स्पर्धकाच्या छपराची गळती दाखवायला यांच्याकडे वेळ असतो. त्याच स्पर्धकाला सेटवर किती तास ताटकळत ठेवलं, काय खायला घातलं, शौचालय किती लांब होतं, रात्री घरी कसं सोडलं, हे सांगायला एक मिनिट नसतो. गरिबी त्याची दाखवायची आणि हलगर्जी आपली झाकायची, हा कुठला न्याय?

गरिबीच्या बाजाराबद्दल आतली माणसंही बोलली आहेत. ‘इंडियन आयडल’चा पहिला विजेता आपला अभिजीत सावंत. २००५ साली जिंकला. याच अभिजीतने २०२१ मध्ये एका मुलाखतीत उघड सांगितलं की, हल्ली स्पर्धकाच्या गुणांपेक्षा तो बूट पॉलिश करतो का, किती गरीब आहे, यातच निर्मात्यांना जास्त रस असतो. हे कुणी बाहेरचा टीकाकार बोलला नाही. ती स्पर्धा जिंकलेला गायक बोलला.

एव्ही थांबल्या का? संध्याकाळी टीव्ही लावून बघा.

पुढे २०२४ मध्ये हाच अभिजीत ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात दुसरा आला. पहिला आला सूरज चव्हाण. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आईवडिलांना मुकलेला मुलगा. त्याला १४ लाख ६० हजार रुपये मिळाले. पाठोपाठ अजित पवारांनी त्याला घर बांधून देण्याचा शब्द दिला. सूरजने हे सगळं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं, महाराष्ट्राने त्याला भरभरून मतं दिली, छान झालं.

पण गावात पक्कं घर मिळण्यासाठी आधी टीव्हीवरच्या घरात सत्तर दिवस काढावे लागतात, हे आपल्याला खटकत कसं नाही?

गोवंडीकडे येऊ. मुंबईचा २००९ चा मानव विकास अहवाल काढा. सगळ्या वॉर्डांच्या तळाला एम पूर्व, निर्देशांक ०.०५. गोवंडी, देवनार, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी, सगळं त्यातच आलं. प्रकल्पग्रस्तांना आणून बसवलेल्या नटवर पारेख कंपाउंडात दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा या बांधकामाशी संबंध आहे, असं अभ्यासकांनी मांडून बरीच वर्षं झाली. एव्हीवाल्याला इथे दृश्य शोधत फिरावं लागत नाही.

पण याच नटवर पारेख कंपाउंडात फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. वस्तीतली मुलं गायली, रॅप केलं, चित्रं लावली, फोटो लावले. त्यासाठी कुणाच्या आईला कॅमेऱ्यापुढे रडावं लागलं नाही. मुलांनी काय केलंय, ते लोकांनी येऊन पाहिलं.

म्हणजे जमतं.

आता सेट. सेटवर काय होऊ शकतं, हे कळायला गोवंडीकराला गोरेगावच्या फिल्मसिटीपर्यंत जायचीही गरज नव्हती. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ गोवंडी स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. राज कपूर यांनी १९४८ मध्ये उभारलेला. १६ सप्टेंबर २०१७, शनिवार, दुपारची वेळ. स्टुडिओत आग लागली आणि एक अख्खं स्टेज जळून गेलं. त्या स्टेजवर सेट होता ‘सुपर डान्सर’च्या दुसऱ्या पर्वाचा.

‘सुपर डान्सर’ म्हणजे मुलांची नाचाची स्पर्धा. वय वर्षं चार ते तेरा.

सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या आठवा. आर. के.च्या चित्रपटांतले जुने पोशाख गेले, आठवणी गेल्या, एक काळ संपला. हळहळ खरी होती, मलाही वाटली. पण ज्या स्टेजवर चार-चार वर्षांची मुलं नाचणार होती ते बघता बघता खाक कसं झालं? प्लायवूड, पडदे आणि रंगाच्या त्या डोलाऱ्यावर एवढे दिवे लावताना वायरिंग कुणी तपासलं? मुलांना बाहेर काढायचे रस्ते किती होते? हे प्रश्न त्या हळहळीत वाहून गेले.

तोच शनिवार भरल्या सेटचा असता तर?

स्टुडिओ विकला गेला. २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली आणि तिथे महागडी घरं आली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये गोरेगावच्या फिल्मसिटीत ‘बिग बॉस’च्या सेटला आग लागली. पर्व नुकतंच संपलं होतं, घर रिकामं होतं. पुन्हा कुणी जखमी नाही.

दोनदा नशिबाने वाचवलं. नशिबाला सुरक्षा विभाग म्हणत नाहीत.

कायदाच नाही, असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करायची मुभा आहे, पण अटी घालून. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमलेला हवा. कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. मुलाची इच्छा नसेल तर त्याला उभंच करायचं नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

त्याच नियमांत मुलाला वेळेवर पोषक आहार आणि राहायला सुरक्षित, स्वच्छ जागा देण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकली आहे. म्हणजे मुलाचं राहणं-जेवण हा निर्मात्याच्या मोठेपणाचा भाग नाही. ते त्याच्यावर बंधन आहे.

आता पाच तासांचा हिशेब मांडा. मेकअप, कपडे, तालीम, एव्हीचे उरलेसुरले शॉट, प्रत्यक्ष नाच, परीक्षकांच्या प्रतिक्रिया, त्या प्रतिक्रियांचे रिटेक, पाहुण्या हिरोसोबत स्टेजवर ठुमका, प्रायोजकाच्या पुडक्यासोबत फोटो. हे सगळं पाच तासांत बसतं?

उत्तर तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी तपासायचं, त्यांनाही माहीत असणार.

जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना एक सूचना पाठवली. नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमांतल्या अश्लील हालचाली करायला लावू नका, अशी. सूचना रास्तच होती. पण मंत्रालयाला मुलांच्या स्टेप्स दिसल्या, झोप दिसली नाही. पडद्यावर जे येतं त्यावर लगेच पत्र निघतं. पडद्यामागे जे चालतं त्याला पत्ता नसतो.

अनेक सेटवर एक जागा असते, तिला ‘होल्डिंग’ म्हणतात. स्पर्धक, पालक, मागे नाचणारी मुलं, प्रेक्षक म्हणून आणलेली माणसं, सगळ्यांना तिथे बसवून ठेवतात. कॉल टाइम सकाळचा. पहिला शॉट कधी लागेल ते कुणी सांगत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आईच्या मांडीवर मेकअपसकट झोपलेली पोरं, आणि बायकांचं शौचालय विचारलं की लांबवर दाखवलेलं बोट. व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात, पण त्या परीक्षकांच्या.

आणि हो, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. तुम्हाला वाटत असेल, हौसेने पास काढून आलेत. काही येतातही. पण पुष्कळ वेळा को-ऑर्डिनेटरने वस्त्यावस्त्यांतून गोळा करून बसमध्ये भरून आणलेली माणसं असतात. दिवसाचे काहीशे रुपये आणि खाणं. हसा म्हटलं की हसायचं, उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, रडा म्हटलं की रुमाल काढायचा. एका दिवसात दोन भागांचं शूटिंग असलं की मध्ये जागा बदलून बसवतात, म्हणजे तोच चेहरा पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर दिसायला नको. दहा-बारा तास असे जातात. उशीर झाला तर जादा पैसे नाहीत, पाय मुरगळला तर विमा नाही.

टाळी वाजवणं ही तिथे मजुरी आहे. मग मजुरीचे नियम कुठे गेले?

लाइटमन, सेटिंगवाले, स्पॉटदादा, ड्रेसदादा यांची गोष्ट तर आणखी जुनी. आठ तासांची शिफ्ट आणि वेळेवर पैसे, या मागण्यांसाठी सिने कामगारांच्या फेडरेशनने किती वेळा दंड थोपटले असतील. टीव्हीच्या धंद्यात आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, अशी रीतच पडून गेली. गोवंडीतला घरमालक भाड्यासाठी नव्वद दिवस थांबतो का?

जानेवारी २०२१. ‘बिग बॉस’चं चित्रीकरण आटोपून टॅलेंट विभागातली एक तरुणी रात्री स्कूटरवरून घरी निघाली. सेटजवळच्या अंधाऱ्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि ती व्हॅनिटी व्हॅनखाली सापडली. वय विशीतलं. आत घरात शंभराच्या आसपास कॅमेरे आणि कोपरान् कोपरा उजळलेला. बाहेरच्या रस्त्यावर एक दिवा धड नाही.

आपण त्या पर्वाचा विजेता लक्षात ठेवला. तिचं काय झालं, हे किती जणांना आठवतं?

रात्री दोनला पॅक-अप झालं तर गोरेगावहून गोवंडीला यायचं कसं? शेवटची लोकल गेलेली, पहिलीला अजून वेळ, आणि वडाळ्याला गाडी बदलायची ती वेगळीच. कन्वेयन्स देतो म्हणतात. तो कुणाला मिळतो आणि कुणाला उद्यावर टाकतात, हे स्पॉटवर काम करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. मुलीच्या घरचे तर फोन हातात धरून जागे असतात.

हे झालं बाहेरच्यांचं. घरात कोंडलेल्यांचं काय?

‘बिग बॉस’मध्ये हाल लपवत नाहीत. हाल हाच कार्यक्रम. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. दिवसा डोळा लागला की कोंबडं आरवतं. रेशन मोजून मिळतं, टास्क हरलात की आणखी कमी. भुकेला माणूस चिडतो. चिडलेला माणूस भांडतो. भांडण झालं की प्रोमो तयार. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं तेव्हापासून जगभर याच मालावर धंदा चाललाय. मराठीत २०१८ पासून.

सज्ञान माणसाने विचार करून सही केली, मानधन घेतलं, तर तो त्याचा प्रश्न. मान्य. पण सही झाली म्हणून देशाचा कायदा त्या दाराबाहेर थांबतो का?

थांबत नाही, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. २१ जून २०१९. साताऱ्याचे पोलीस आरे पोलिसांना सोबत घेऊन फिल्मसिटीतल्या ‘बिग बॉस मराठी’च्या घरात शिरले आणि अभिजीत बिचुकले यांना अटक करून घेऊन गेले. प्रकरण काय, तर न वटलेला चेक. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, बाहेरचं वारंही आत येत नाही, हा सगळा डौल त्या दिवशी एका वॉरंटपुढे गळून पडला.

एका चेकसाठी पोलीस आत जातात. मग कामाचे तास मोजायला कामगार अधिकारी का जात नाही? विजेच्या वायरी तपासायला अग्निशमन दल दर महिन्याला का जात नाही? औषध हवं असलेल्या माणसाला ते वेळेवर मिळालं का, हे बघायला चॅनेलच्या पगारावर नसलेला डॉक्टर का जात नाही?

कर्नाटकात ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी माणसं खरोखर गेली. कन्नड ‘बिग बॉस’चं बारावं पर्व, बिडदीचा जॉलीवूड स्टुडिओ. सांडपाणी प्रक्रिया न करताच बाहेर सोडलं जातंय, असा ठपका ठेवून तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्टुडिओ बंद करायला सांगितलं. ७ ऑक्टोबरला दाराला कुलूप लागलं आणि स्पर्धकांना रिसॉर्टमध्ये हलवावं लागलं.

एव्हीत नेहमी स्पर्धकाच्या दारातलं गटार असतं. त्या दिवशी स्टुडिओचं गटार बातमीत आलं.

कुलूप किती दिवस टिकलं? दुसऱ्याच रात्री उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी ते काढायचे आदेश दिले. नियम पाळायला स्टुडिओला मुदत मिळाली, स्पर्धक पुन्हा घरात आले, खेळ पुढे चालू. स्टुडिओ कायमचा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. तिथेही शेकडो माणसांची चूल असते. पण सरकारी यंत्रणा मनात आणलं तर किती वेगाने हलते, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

आता गोवंडीचं घड्याळ बघा. मुंबईभरच्या रुग्णालयांचा कचरा इथे आणून जाळू लागले ते २००९ पासून. रहिवासी खोकत राहिले, तक्रारी करत राहिले, शेवटी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत हलवायला सांगितलं. बिडदीच्या स्टुडिओला दिलासा एका रात्रीत. गोवंडीच्या वस्तीला नुसता आदेश मिळायला चौदा वर्षं, आणि त्यावर आणखी दोनची मुदत.

टीआरपी असता तर इतका वेळ लागला असता?

परदेशात सगळं आलबेल आहे, असं नाही. पण तिथे निदान भांडण सुरू झालंय. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २००९ रोजी एका रिअॅलिटी शोच्या स्पर्धकांबाबत निकाल दिला की ते कामगारच आहेत, त्यांना कामगाराचे हक्क लागू. बेटावर मौज करायला नेलं होतं, हा निर्मात्यांचा बचाव टिकला नाही. अमेरिकेत ‘लव्ह इज ब्लाइंड’च्या एका स्पर्धकाने २०२२ मध्ये दावा लावला. दिवसाला वीस-वीस तास शूटिंग, अन्नपाणी तुटपुंजं, दारू मात्र हवी तेवढी, असा आरोप. २०२४ मध्ये १४ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथल्या कामगार मंडळाच्या एका विभागाने हे स्पर्धक कर्मचारी ठरतात, अशी भूमिका घेत निर्मात्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. ‘बीस्ट गेम्स’ या मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेवरही २०२४ मध्ये पाच जणांनी दावा लावला, त्यातही जेवण आणि औषधोपचार हेच मुद्दे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून प्रसारण नियामकाने कार्यक्रमात सहभागी होणाऱ्या माणसांची काळजी घेणं वाहिन्यांवर बंधनकारक केलं आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. दृक्श्राव्य क्षेत्रातल्या कामगारांत त्यांनी गायक, नर्तक, सूत्रसंचालक, सगळ्यांना घेतलंय. मग स्पर्धेत गाणारा का नको? पैसे घेऊन गाणारा कामगार आणि बक्षिसाच्या आशेवर महिनोन् महिने गाणारा कोण? त्याच्या गळ्यावर जाहिराती विकल्या जातातच की.

इथे एक ठरलेला युक्तिवाद येतो. संघर्षाशिवाय यश नाही. आम्हीही फलाटावर झोपलो, वडापाववर दिवस काढले, म्हणून इथवर आलो. स्टेजवरून हे वाक्य आलं की टाळ्या पडतात.

संघर्ष नाचात असू द्या, सुरात असू द्या. संडासच्या रांगेत कसला संघर्ष?

आणि फलाटावर झोपलेले सगळेच मोठे झाले का? जे झाले ते मुलाखती देतात. बाकीच्यांना विचारायला कुणी गेलं नाही. पाय मोडला, गळा बसला, दहावीचं वर्ष वाया गेलं आणि पहिल्या फेरीतच घरी परतला, अशा मुलाची एव्ही कुणी काढत नाही. त्याच्या घरी शेजारी मात्र विचारत राहतात, काय रे, टीव्हीवर दिसणार होतास ना?

आपल्या वाट्याचंही बोलून टाकू. एव्ही चालते कारण आपण बघतो. आई रडली की चॅनेल बदलत नाही, उलट आतल्या खोलीतून माणसांना हाक मारतो. मतं पाठवतो. मग एखाद्या आठवड्यात मत देताना एवढं तरी विचारू, की पोरगा जेवला का आणि किती वाजता झोपला? चॅनेलच्या पानांवर लाखो माणसं लिहितात, कोण चांगला नाचला यावर भांडतात. त्यातल्या शंभरांनी जरी हा एकच प्रश्न लावून धरला, तरी मार्केटिंगवाल्यांना घाम फुटेल. त्यांना फक्त तुमची नाराजी कळते.

माझी मागणी साधी आहे. कार्यक्रमाच्या शेवटी नावांची यादी पळते ना, भुवयांच्या रंगापासून केसांच्या तेलापर्यंत सगळ्यांचे आभार मानणारी? त्यात दोन ओळी वाढवा. मुलांनी किती तास काम केलं आणि कोणत्या तारखेला परवानगी घेतली. खर्च शून्य. नियम पाळत असाल तर लपवायचं काय आहे?

आणि जिल्हाधिकारी कार्यालयालाही सांगायचंय. फिल्मसिटी मुंबई उपनगर जिल्ह्यात, चेंबूर त्याच जिल्ह्यात, गोवंडीही त्याच जिल्ह्यात. कार्यालय वांद्र्याला. मुलांच्या किती कार्यक्रमांना परवानगी दिली, किती सेटवर तपासणीला माणूस गेला, कितींना नोटीस काढली, याची यादी वर्षातून एकदा दारावर लावा. परवानगी देणाऱ्याने सेट बघितलाच नाही, तर त्या परवानगीने मुलाचं काय रक्षण होणार?

शेवटी गोवंडीतल्या, मानखुर्दमधल्या आयाबापांना. पोरगं नाचतंय, गातंय, त्याला जाऊ द्या, अडवू नका. चॅनेलची माणसं घरी आली की चहा पाजा. पण घराचं शूटिंग करू देण्याआधी त्यांच्याकडे एक कागद मागा. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं हमीपत्र, नमुना ‘सी’. त्यात तुमच्या मुलाचं नाव हवं, तुमची संमती हवी, आणि सेटवर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या माणसाचं नाव हवं. त्या माणसाचा फोन नंबर तिथेच घ्या. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्या. सेटवर काही वावगं दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लावा.

कागद नाही म्हणाले तर पोराला गाडीत बसवू नका. आणि दाखवला, तर त्यावरची तारीखही वाचा. ते हमीपत्र सहा महिनेच चालतं.